विहिरीच्या गजाला बांधलेली तार

धाकटा भाऊ मुंबईच्या गोदीतले काम सोडून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या सामानात एक लाकडी पेटी होती. ती उतरवायला चार माणसे लागली. मांडवीच्या बंदरात आगबोटीतून पडावात, पडावातून बैलगाडीत, अशी ती आमच्या अंगणापर्यंत पोचली आणि गाडीवाला मला म्हणाला, "आत काय दगड भरलेत काय हो?" पेटीत वेल्डिंगचे यंत्र होते. गोदीत वापरून जुने झालेले, पण चालते. विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून लोखंडाला जोडायचे, हे काम तो तिथे शिकला होता आणि त्यावरच आता इथे पोट भरणार होता.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोड्या आधीची ही गोष्ट. रत्नागिरीत वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. आमचे घर कोल्हापूरच्या रस्त्याला, वरच्या अंगाला, जिथे माती संपून कातळ सुरू होतो तिथे. घराला लागून एक लांब खोपी होती. पूर्वी तिच्यात बैल असत. आता पालीकडे भात नेणारी एक लॉरी तिथे भाड्याने उभी राही. भाऊ आल्या दिवसापासून तिला गॅरेज म्हणू लागला आणि आम्हीही म्हणू लागलो.

"मला लोखंड जोडता येतं, दादा," तो म्हणाला. "तारांचं मला कळत नाही. गोदीत खटका दाबला की वीज यायची. इथली वीज तू बघ."

मी बघितली. मी कचेरीत हिशेब तपासतो. दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून बघणे हेच माझे काम. तेव्हा यंत्रावरचा पत्रा घासून मी आकडे वाचले. यंत्र सव्वीस अँपिअर ओढणार होते आणि घरातला मीटर होता पाचाचा. त्या मीटरवर ते लावले असते तर घरातल्या तारा भिंतीतच जळाल्या असत्या. म्हणून कंपनीकडे अर्ज करून गॅरेजसाठी वेगळी जोडणी घेतली. वेगळी जाड तार, वेगळा मोठा खटका, तीस अँपिअरचा फ्यूज. वायरमन म्हणाला की थोडी पातळ तार चालेल. मी म्हटले, चालेल ती नको, पुरेल ती दे. भावाला मी कोरड्या सागाची फळी करून दिली आणि बजावले की तिच्यावर उभा राहिल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. कातडी हातमोजे आणि बूट तर गोदीतूनच आले होते. खटक्याजवळ वाळूची बादली ठेवली. भाताचा पेंढा दुसरीकडे हलवला.

यातल्या एकाही गोष्टीत मला आज चूक सापडत नाही.

राहिली ती जमिनीची तार. तिला वायरमन अर्थिंग म्हणत असे. तिचा उपयोग त्याने मला नीट सांगितला होता. यंत्राच्या लोखंडी अंगावर आतली वीज चुकून उतरली तर तिला जमिनीत उतरायला चांगली सोय हवी. ती असली की वीज एकदम जोरात धावते, फ्यूज वितळतो, यंत्र बंद पडते आणि कोणाला काही होत नाही. नसली तर फ्यूज शाबूत राहतो, यंत्र चालत राहते, आणि वीज त्याच्या अंगावर तशीच बसून राहते. म्हणून पुरुषभर खड्डा खणा, तांब्याचा पत्रा पुरा, भोवती कोळसा आणि मीठ घाला, आणि जागा ओली ठेवा, असे तो म्हणाला.

आमच्या अंगणात पुरुषभर खड्डा म्हणजे जांभ्या दगडात खाण पाडणे. चिरे काढणारे गडी आणावे लागले असते आणि ते सगळे तेव्हा दुसऱ्या कामावर होते. भाऊ उतावीळ झाला होता. मिरकरवाड्याहून होड्यांचे मोडलेले दोन नांगर येऊन पडले होते. मग मी अंगणात उभा राहून विचार केला. ओली जागाच हवी ना? आमच्या आवारात विहिरीपेक्षा ओली जागा कुठली असणार? विहिरीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक लोखंडी गज आडवा टाकलेला होता आणि त्याला पाणी काढायची कप्पी टांगलेली होती. यंत्राच्या अंगापासून एक उघडी तांब्याची तार मी गडग्यावरून, म्हणजे आवारातल्या दगडी कुंपणावरून, विहिरीपर्यंत नेली आणि गजाला घट्ट पिळून बांधली.

"डोकं आहे हां दादा तुझं," भाऊ म्हणाला. मला बरे वाटले.

तो गज पाण्याला कुठेच टेकत नव्हता. त्याची दोन्ही टोके कोरड्या चिऱ्यांत बसवलेली होती आणि पाणी त्याच्या खाली पाच-सहा पुरुष होते. हे बघायला गणित लागत नाही. मी विहीर बघितली आणि गज बघितला नाही.

विहीर दोन घरांची. एक आमचे, दुसरे गडग्यापलीकडचे माझ्या चुलतीचे. तिला आम्ही काकू म्हणतो. काका गेल्यावर तिने एकटीने घर चालवले; आवाज मोठा, हात मोकळा, आणि देवाधर्माचे सगळे तोंडपाठ. तिचा मुलगा बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच दिवस समुद्रावर. मागे काकू आणि तिची सून, दोघीच. सून वयाने लहान, अंगाने किरकोळ. लग्न होऊन ती आमच्या आवारात आली त्याला दोन पावसाळे झाले होते.

यंत्र कार्तिकात सुरू झाले. गॅरेजातून निळा उजेड आणि घुंग असा आवाज येऊ लागला, लॉरीवाले येऊ लागले. भावाचे नाव झाले. आणि चैत्राच्या सुमारास, ऊन तापून कातळ पांढरा पडला तेव्हा, एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, "विहिरीवर काहीतरी झालंय."

"पाणी आटलं?"

"पाणी नाही. काकूंची सून म्हणते, दोर धरला की हाताला झिणझिण्या येतात. पार खांद्यापर्यंत."

"दोर जड असतो," मी म्हटले. "ती पोर किती, पोहरा किती."

बायको वाढत होती. तिचा हात थांबला. मग म्हणाली, "काकू म्हणतात, ती बाहेरची असताना विहिरीला शिवली असणार. दिवस पुरे व्हायच्या आधी. म्हणून राखणदार रागावला."

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो, विहिरीलाही. त्याचा मान ठेवावा लागतो, आणि बायकांनी त्या चार दिवसांत विहिरीच्या चिऱ्यावर पाऊल ठेवायचे नसते. हे सगळे ऐकत मी वाढलो. मी ते खरे मानत होतो असे नाही आणि खोटे आहे असे कधी म्हणालो असेही नाही. बायकांचे बायका बघतील, असे मनात म्हणून मी ताक मागितले.

सुनेला विहीर बंद झाली. काकू स्वतः पाणी काढू लागली, तिच्या कंबरेला झेपेल तेवढे. उरलेले सुनेने खालच्या आळीतून आणायचे. खालची आळी म्हणजे एक चढण. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती चढण चढून ती आमच्या फाटकावरून जाई. मी त्या वेळी ओटीवर कपडे करून कचेरीला निघालेला असे. घरंदाज माणसाने बाईकडे बघत राहू नये, म्हणून मी खाली बघे. त्यामुळे तिचे तोंड मला कधी दिसले नाही, आणि ते दिसले नाही हे माझ्या सोयीचेच होते.

मग एका संध्याकाळी काकू ओटीवर आली. बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

"थोरल्या, राखण द्यायला पायजे. घाड्याला सांगितलंय मी. नारळ नि कोंबडा. वाडीतली चार माणसं बोलवूया. तू घरातला मोठा, तू पुढे उभा ऱ्हा."

"राहतो."

"सुनेला पुढे उभी करून गाऱ्हाणं घालायचं. तिनं चुकी कबूल करायची, मग तिला विहीर मोकळी."

गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली फिर्याद. गावच्या देवाचे सगळे करणारा घाडी ते घालतो. ज्याच्यासाठी घालायचे त्याची चुकी सगळ्यांसमक्ष सांगतो आणि जमलेली माणसे त्याच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा असे नाव घेतले गेले की ते वाडीत राहते. त्या बाईच्या मुलांच्या लग्नापर्यंत राहते.

"काकू, सगळ्यांसमोर कशाला? तिचं म्हणणं काय आहे?"

"तिचं म्हणणं, मी मोजून बसले होते. मोजून! सगळ्याच मोजतात." काकूने पदर खोचला. "मग विहिरीचं कुणामुळं झालं? तिचं नाव नको तर कुणाचं घालू? तुझ्या बायकोचं घालू?"

माझी बायको आत दारामागे उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. मी काही बोललो नाही. काकू म्हणाली, "बघ, झालं ना मग," आणि गेली.

आकड्यांत माझी चूक कोणी दाखवली तर मला राग येतो, लाज वाटत नाही. आकडे दुरुस्त करता येतात. पण ओटीवर मी जो गप्प बसलो, ते आठवले की आजही हातातले काम थांबते. एका बाईचे नाव वाचवायला दुसरीचे जाऊ दिले, आणि तेही हिशेबी माणसासारखे, कोणते जवळचे आणि कोणते लांबचे हे बघून.

राखणेच्या दिवशी सकाळी विहिरीभोवती शेणसडा झाला. वाडीतली दहा-पंधरा माणसे आली. घाडी म्हातारा, काटक, तोंडाने फटकळ. त्याने आल्या आल्या विचारले, "कोंबडा कुणी निवडलान? हा काय देवाला पुरणार? ह्याच्यापेक्षा मी जाडा हाय." माणसे हसली. सून एका बाजूला, डोक्यावरून पदर ओढून, कुंपणाच्या निवडुंगाकडे तोंड करून उभी होती. माझी बायको तिच्यापासून थोडी लांब. काकू मध्ये.

काकूने भावाला आज गॅरेज बंद ठेवायला बजावले होते. पण भाताने भरलेली लॉरी पालीला जायची खोळंबली होती, तिचा एक लोखंडी पट्टा तुटला होता, आणि ड्रायव्हर त्याच्या मागे लागला होता. एकच जोड मारतो आणि येतो, असे म्हणून भाऊ आत गेला. मी त्याला अडवले नाही.

घाड्याने विहिरीतून एक पोहरा काढून अंगावर ओतून घेतला. मग तसाच ओला, अनवाणी, ओल्या चिऱ्यावर उभा राहून आंब्याचे डहाळे गजाला बांधायला त्याने हात वर केला.

त्याच वेळी गॅरेजातून घुंग असा आवाज सुरू झालेला मी ऐकला.

घाडी ओरडला. माणूस ओरडतो तसे नाही, घशातून नुसता फुटका आवाज निघाला. त्याचे बोट गजाला लागले आणि तो मागे फेकला गेला तो सरळ शेणसड्यात बसला. कोपर सोलपटले. कोंबडा सुटून निवडुंगात घुसला. बायका किंचाळल्या.

"रागावला गो, राखणदार रागावला!" काकू म्हणाली आणि सुनेकडे वळली. "बघितलंस? बघितलंस आता?"

सून मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही हात जमिनीला टेकले. तेवढ्यात एक-दोन माणसे घाड्याला उठवायला पुढे धावली आणि त्यातल्या एकाने आधारासाठी गजाकडे हात नेला.

"गजाला हात लावू नका!" मी ओरडलो. "मागे व्हा सगळे! खटका पाड रे, खटका पाड!"

इतक्या मोठ्याने मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो. भावाने खटका पाडला. आवाज थांबला. तो हातमोज्यांसकट धावत बाहेर आला. मी गडग्यावरच्या तारेकडे बघत होतो. गॅरेजातून निघून, गडग्यावरून, विहिरीपर्यंत. मीच ती नेली होती.

घाड्याला तांब्याभर पाणी पाजले. तो शुद्धीवर होता, फक्त हात चोळत होता. मी म्हटले, "हा राखणदार नाही. ही माझी तार आहे."

कोणाला पटले नाही. काकू म्हणाली, "तुझा जीव मोठा आहे रे थोरल्या, पण तिच्यासाठी देवाच्या अंगावर नको ढकलू." एक शेजारी हळूच म्हणाला, "सायबाला घरातल्या बायांची दया आली." सुनेने मान वर केली नव्हती.

सांगून भागणार नव्हते. मी घरातून विजेचा एक दिवा होल्डरसकट काढून आणला. त्याची एक तार, यंत्र बंद असताना, गजाला बांधली. दुसरी एका लांब साखळीला बांधली आणि साखळी थेट पाण्यात सोडली. मग सगळ्यांना दहा पावले मागे नेले, स्वतः मागे झालो आणि भावाला हाक दिली, "टाक खटका. नुसता टाक, काम करू नको."

विहिरीच्या तोंडावर, गजाखाली, दिवा लागला. पूर्ण उजेडाचा नव्हे, तांबूस, विस्तवासारखा. भर उन्हात तो सगळ्यांना दिसला.

काकूने हात जोडले. "पावला," ती म्हणाली. तिच्या मागच्या दोघींनीही जोडले.

"पाड," मी म्हटले. दिवा गेला. "टाक." लागला. "पाड." गेला.

काकूचे हात हळूहळू खाली आले. घाडी मातीतच बसून हे बघत होता. त्याने भावाकडे बघितले, मग दिव्याकडे, मग माझ्याकडे.

"म्हणजे तुमच्या गॅरेजातली वीज हिकडं आली," तो म्हणाला. "इतकी वर्सं गाऱ्हाणं घालतंय, देवानं असा तडाखा कधी दिलान नाय मला. तेव्हाच मी म्हणतंय, ह्यो देव कुणीतरी नवा हाय."

माणसे हसली. मला हसता येईना. मी सगळे सांगितले. यंत्राच्या आतल्या तारेचे वेष्टण खाऱ्या हवेने कुठेतरी कुजले असणार आणि वीज यंत्राच्या अंगावर आली. तिथून तारेने गजावर. गज कोरड्या चिऱ्यांत, म्हणून ती जमिनीत उतरली नाही आणि माझा चांगला तीस अँपिअरचा फ्यूज जागचा हलला नाही. पोहरा पाण्यात गेला की ओल्या दोरातून ती थोडी थोडी खाली उतरायची आणि दोर धरणारीच्या हातातून जायची. तीच आज घाड्याच्या जिवावर आली असती. भावाला कधी काही लागले नाही, कारण त्याच्या पायाखाली मी दिलेली सागाची फळी होती आणि हातात कातडे होते. आमची काळजी मी पुरेपूर घेतली होती. आणि दोर? दोर मी किंवा भावाने त्या सबंध काळात एकदाही हातात धरला नव्हता. आम्हाला अंघोळीचे पाणी काढलेले मिळायचे.

मी थांबलो.  मग माझी बायको, मान खाली घालून, म्हणाली, "मला पण लागायचं."

"काय?" मी म्हटले.

"झिणझिण्या. हिच्या आधीपासून. शिमग्याच्या पालखीच्या सुमाराला पहिल्यांदा लागलं. मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं. म्हणून मी गप्प बसले. मग ही बोलली नि तिचं नाव झालं." 

शेजारघरची एक बाई, जी सणाला पाणी न्यायला यायची, तिने तोंडाला पदर लावला. "मलाही एकदा. मी म्हटलं, माझ्या सुतकाचं असंल."

सगळ्यांचे डोळे काकूकडे गेले. काकू गेले कित्येक दिवस स्वतः पाणी काढत होती.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज लहान झाला. "लागायचं. मला वाटलं, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला काय कमी पडलं असंल. सांगणार कुणाला ह्या वयात?"

म्हणजे दोर धरणाऱ्या प्रत्येकीला ते लागले होते. प्रत्येकीने तो आपला दोष धरला, मनातल्या मनात झाकला, आणि जी लहान होती, जिला झाकायचे सुचले नाही, तिच्या माथी तो सगळ्यांनी मिळून मारला. त्यात मी होतोच.

घाडी उठून उभा राहिला. धोतर झटकले. "आता राखणेचं काय? बोललेली राखण आहे, द्यायला पायजे. नाव मात्र बदलायला हवं. कुणाचं घालू?"

"माझं घाला," मी म्हटले.

"पुरुषाचं गाऱ्हाणं विहिरीवर?"

"तार पुरुषाने बांधली."

कोंबडा निवडुंगातून काढण्यात थोडा वेळ गेला. तेवढ्यात भावाने यंत्राची जोडणी मुळापासून काढली, गजावरची तार सोडवली आणि गुंडाळून माझ्या हातात दिली. कुणाला शंका राहू नये म्हणून ती हातात धरूनच मी घाड्यासमोर उभा राहिलो. त्याने हात जोडले आणि त्याचा नेहमीचा आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या दोन घरांची विहीर तू राखतोस."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या थोरल्या लेकरानं तुझ्या गजाला इजंची तार बांधलान, न इचारता बांधलान."

"व्हय म्हाराजा!"

"घरच्या लेकीबाळींना त्रास दिलान, नि दुसऱ्याच्या सुनेवर बोल आणलान."

हे त्याने आपण होऊन घातले. मी सांगितले नव्हते. माणसे क्षणभर अडखळली, मग म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"हुशार म्हणून चुकलान म्हाराजा. त्याला पदरात घे, नि त्याला जमीन खणायची बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा!"

कचेरीत माझ्या हाताखाली काम करणारा एक कारकून वाडीतच राहतो. तोही त्यांत होता आणि म्हणत होता. माझे कान तापले होते. पण त्यापेक्षा दुसरेच एक मी ऐकत होतो. बायकांच्या आवाजांत सुनेचा आवाज आहे का. नव्हता. ती उभी राहिली होती, पदर मागे सरकला होता, आणि तोंड मिटलेले होते.

राखण झाली. नारळ फुटला. काकूने स्वतः दोराचा फास सोडवला आणि सुनेपुढे धरला. "घे गो. झालं गेलं विसर. काढ पाणी. तुझीच विहीर आहे."

सुनेने दोराला हात लावला नाही. थोरल्या दिराशी धाकट्याच्या बायकोने बोलायचे नाही अशी आमच्याकडे रीत आहे. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. आता ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "आधी भावोजींनी."

मला वाटले होते तिचा आवाज थरथरेल. तो साधा होता.

मी तार खाली ठेवली. दोर घेतला. पोहरा सोडताना तो भिंतीला आपटत गेला. ओढताना निम्मा सांडला. काकूच्या मागे कोणीतरी खुदकन हसले. मी तो कळशीत ओतला.

सून काकूकडे वळली. "आता तुम्ही, आत्याबाई."

 काकूने काढला, एक पोहरा, चांगला भरून. मग सुनेने माझ्या बायकोकडे बघितले.  माझी बायको पुढे आली, तिने काढला. ओतताना तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. शेजारघरची बाईही पुढे आली, तिला तर कोणी बोलावले नव्हते.

कळशी भरून वाहू लागली होती. सुनेने ती आमच्या दाराशी नेऊन ठेवली, आपली रिकामी कळशी आणली, आणि मग दोर हातात घेतला. पोहरा तिने एका दमात खाली सोडला. हात न थांबवता ओढला. एक थेंब सांडला नाही. कळशी कमरेवर घेऊन ती आमच्यामधून आपल्या घरात गेली, आणि आम्ही सगळे तिला जायला बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी चिरेखाणीचे गडी आले.